आडवा व्हॉल्व्ह

हणमंत ढाणे फाटकाशेजारच्या चेंबरपाशी उकिडवा बसला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला होता. मी खिडकीत उभा राहून दाढी करत होतो. एका गालाची झाली होती, दुसऱ्या गालाला फेस होता.

"पाणी आलं का रे?" मी खिडकीतूनच विचारलं.

तो दचकला. हात बाहेर काढून त्याने लोखंडी झाकण घाईने जागेवर सरकवलं.

"आलंय. जोर नाही पण. उन्हाळाच आहे."

"मग आत हात घालून काय करत होतास?"

"गळतंय का बघितलं. काही नाही. आवर तू, प्रार्थनेला उशीर होईल."

हे वाक्य तो दोन महिन्यांपूर्वी बोलला असता, तर मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण आता तो शाळेचा पर्यवेक्षक होता. उशीर झाला तर मस्टरपाशी घड्याळात बघत उभा राहण्याचा अधिकार त्याला होता. तो तसा कधी उभा राहिला नाही हे खरं, पण उभा राहू शकत होता, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

त्याची स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर मी फेस लावलेल्या गालानेच खाली उतरलो आणि झाकण उचललं.

आत नगरपालिकेचा एक पाइप येत होता, त्याला दोन फाटे फुटले होते आणि प्रत्येक फाट्यावर लाल दांड्याचा एक पितळी व्हॉल्व्ह होता. दांडा पाइपाच्या रेषेत असला की पाणी मोकळं, पाइपाला आडवा असला की बंद. एवढं कळायला प्लंबर व्हावं लागत नाही. मी तर चित्रकलेचा शिक्षक, रेषा सरळ की तिरपी हे मला लांबूनही दिसतं. डावीकडचा, म्हणजे उताराकडचा, ढाण्यांच्या बाजूचा दांडा अगदी सरळ होता. उजवीकडचा, म्हणजे चढाकडचा, माझ्या बाजूचा दांडा जवळजवळ पूर्ण आडवा होता.

कुणालाही वाटेल की मला राग आला. राग नंतर आला. आधी मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या माणसात खोट सापडत नव्हती, त्याच्यात एकदाची सापडली होती.

हणमंत आणि मी साताऱ्यातल्या एकाच शाळेत, एकाच जूनमध्ये लागलो. तो विज्ञान शिकवायचा. पुढे शिक्षक कॉलनीत, किल्ल्याच्या पायथ्याच्या उतारावर, दोघांनी मिळून एक प्लॉट घेतला आणि मधली भिंत सामाईक ठेवून जोडबंगला बांधला. वरची बाजू माझी, खालची त्याची. पुढे एकच लांब ओटा. संध्याकाळी चौघांचा चहा त्या ओट्यावर व्हायचा, दोन्ही घरांची वाळवणं तिथे पडायची, आणि माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खाटही दिवसा तिथेच असायची. आईचं सगळं अंथरुणातच होत होतं. रोज चादरींचा ढीग धुवायला निघायचा. माझी बायको रतन आणि हणमंतची वत्सलावहिनी, दोघी मिळून तो धुवायच्या.

बांधकामाच्या वेळीच आम्ही कामं वाटून घेतली होती. "रंगाचं तू बघ, पाण्याचं मी बघतो," असं हणमंत म्हणाला होता. दोन्ही घरांना काय रंग द्यायचा हे मी ठरवलं आणि त्याने हूं की चूं न करता आपलं घर फिकट निळं करून घेतलं. पाण्याकडे मी कधी ढुंकून बघितलं नाही. इतक्या वर्षांत चेंबरचं ते झाकण मी त्या सकाळी पहिल्यांदा उचललं.

आणि मत्सराचं म्हणाल, तर तो काही पर्यवेक्षकपदापासून सुरू झाला नव्हता. नोकरीत दोघे बरोबरीचे, वयाने मी मोठा, पण मुख्याध्यापकांना आधी हणमंत आठवायचा. पोरं मला घाबरायची आणि त्याच्या मागे मागे हिंडायची. माझ्या दारातली जास्वंद कीड लागून मेली, त्याच्या दारातला मोगरा असा फुलायचा की येणारे-जाणारे थांबून वास घ्यायचे. फार काय, माझी सख्खी आई शेवटी शेवटी माझ्या हातून पेज घ्यायला का-कू करायची आणि हणमंत आला की तोंड उघडायची. "तुझा हात थरथरतो रे," म्हणायची. थरथरत कसला होता, मी चित्रकार माणूस! पण ती गेली त्या दिवशी माझ्याआधी तो रडला, हेही माझ्या मनात कुठेतरी टोचत राहिलं होतं.

तर असा माणूस माझं पाणी तोडत होता.

"रतन," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "आपला हौद किती भरतो?"

"भरतो की." ती भाकरी थापत होती. "काठाला थोडा कमी राहतो. का?"

"आणि त्यांचा?"

"मला काय माहीत? मी काय त्यांच्या हौदात डोकावते?"

"त्यांचा ओटा रोज धुतलेला असतो. मोगरा बघितलास? भर उन्हाळ्यात?"

"अहो, तोंड पुसा आधी. अर्ध्या गालाला फेस वाळलाय."

मी तोंड पुसलं आणि तिला सगळं सांगितलं. ती भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडे बघत राहिली.

"हणमंतभावजी?" ती म्हणाली. "काहीतरीच."

"डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग विचारा त्यांना. भिंतीपलीकडेच तर राहतात."

विचारायचं! विचारलं असतं तर त्याने काहीतरी शांत, समजूतदार उत्तर दिलं असतं आणि मी पुन्हा लहान ठरलो असतो. मला विचारायचं नव्हतं. मला त्याला धरून ठेवायचं होतं, पुराव्यासकट.

त्यानंतर मला जिकडेतिकडे पुरावेच दिसायला लागले. एक दिवसाआड पाणी यायचं, आणि पाण्याच्या दिवशी सकाळी तो चेंबरपाशी बसलेला असायचा. संध्याकाळी स्कूटरच्या पुढ्यात दोन प्लॅस्टिकचे कॅन घेऊन तो उताराखालच्या हापशावरून पाणी आणायचा. हे मी आधीही बघितलं होतं, पण आता नीट बघितलं.

"घरचं पाणी पुरत नाही वाटतं पर्यवेक्षकांना?" मी ओट्यावरून हटकलं.

"हापशाचं पाणी मोगऱ्याला मानवतं," तो हसून म्हणाला आणि कॅन उचलून आत गेला. मोगरा बाहेर होता आणि कॅन आत गेले, हे मला तेव्हाही दिसलं. मी त्याचा अर्थ एवढाच लावला की याला दोन्हीकडचं पाणी हवंय.

मी ठरवलं. स्वतंत्र नळजोडणी घ्यायची आणि ओट्यापासून फाटकापर्यंत मधोमध भिंत घालायची. नळजोडणीचा अर्ज मी कुणाला न सांगता देऊन आलो. भिंतीसाठी बाबू गवंड्याला गाठलं. हा बाबू आमचा बंगला बांधणारा.

"भिंत?" बाबू डोकं खाजवत म्हणाला. "ओट्यामधनं? भांडाण झालं का सर?"

"भांडण कशाला? सोय म्हणून."

"न्हाई, तुमी दोगं एका ताटातलं म्हणून इचारलं."

"तू विटा कधी टाकतोस ते सांग."

हणमंत पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाला कोल्हापूरला गेला, त्याच आठवड्यात मी विटा टाकून घेतल्या. प्रशिक्षणाला जाताना त्याने मला हाक मारून सांगितलं होतं, "शिवा, पाण्याचं काही करावं लागणार नाही. आहे तसंच राहू दे, चेंबर उघडायची गरज नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, राहू दे कसं, आता बघच.

ट्रॅक्टरने विटा ओतल्या, त्या आवाजाने वत्सलावहिनी बाहेर आल्या. विटांकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. त्या काही अडाणी नव्हत्या.

"भावजी, काही चुकलं का आमचं?" त्यांनी विचारलं.

"छे हो. मांजरं येतात," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ओट्यावर चहा आला नाही. रतनने माझा कप आतच आणून आपटला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती आणि चेंबरपाशी बसायला हणमंत नव्हता. मी अंघोळ करून, सदरा घालून, जसं काही झेंडावंदनाला निघालोय अशा थाटात खाली उतरलो. वहिनी दारात सडा टाकत होत्या. तांब्याभर पाणी हाताने शिंपडत होत्या, इतकं जपून की थेंब मोजावेत. तेही मला नाटक वाटलं.

"वहिनी, आज पाण्याचं मी बघतो," मी मोठ्याने म्हणालो. चोरून करण्यासारखं मी काही करतच नव्हतो.

"बघा की," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणत होते, हात लावायला नको."

"म्हणतच असणार."

झाकण काढलं. पाइपातून पाण्याची घरघर येत होती. उजवीकडचा, माझ्या बाजूचा दांडा घट्ट बसला होता. दोन्ही हातांनी जोर लावून मी तो फिरवला आणि पाइपाच्या रेषेत आणून सोडला. डावीकडच्याला बोट लावलं नाही. मला कुणाचं काही नको होतं, फक्त माझं मला हवं होतं. आता दोन्ही दांडे शेजारी शेजारी सरळ दिसत होते. मला अगदी न्याय केल्यासारखं वाटलं.

घरी जाऊन हौदावरचं पत्र्याचं झाकण बाजूला केलं आणि काठावर ऐटीत बसलो. आता धो धो पाणी पडणार होतं.

पाइपाच्या तोंडातून आधी करंगळीएवढी धार होती. बघता बघता ती सुतळीएवढी झाली, मग थेंब थेंब, आणि मग पाइपाने एक लांब उसासा टाकला. पाणी थांबलं.

"गेलं वाटतं आज लवकर," रतन म्हणाली.

"एवढ्यात कसं जाईल?"

धार परत येईल म्हणून मी तासभर काठावरच बसून होतो, तेव्हा बाहेरून वहिनींची हाक आली. "भावजी! अहो भावजी, लवकर या!"

मी धावलो. त्यांच्या हौदाच्या झाकणाखालून पाणी उसळून बाहेर येत होतं. ओट्याच्या पायरीवरून, मोगऱ्याच्या आळ्यातून, माझ्या नव्या विटांच्या ढिगाखालून ते रस्त्यावर निघालं होतं. वहिनी साडीचा ओचा धरून मध्येच उभ्या होत्या, आणि त्या घाबरल्या होत्या की खूष झाल्या होत्या हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

"काय केलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आमचा हौद कधी असा भरलाच नाही! इतक्या वर्षांत नाही!"

"भरला नाही?"

"अर्धासुद्धा नाही. तळाशी असतं थोडं. म्हणून तर हे रोज हापशावरून आणतात. अंघोळीला, भांड्यांना. कपडे धुतलेलं पाणी मी ओट्याला आणि मोगऱ्याला टाकते." त्या हौदाकडे बघत होत्या. "हे म्हणाले, खालच्या अंगाच्या घराला पाणी कमीच येतं. उतारावर तसंच असतं म्हणाले."

पाणी उताराकडे धावतं, हे आठवीच्या पोरांना फळ्यावर काढून शिकवणारा माणूस घरी बायकोला सांगत होता की उतारावर पाणी येत नाही.

मी चेंबरपाशी परत गेलो आणि उजवीकडचा दांडा पुन्हा आडवा केला. वहिनींच्या हौदातून उसळणारं पाणी बसलं. तिकडून रतन ओरडली, "आलं हो! आलं आपल्याकडे, चांगलं आलं!" मग मी डावीकडचा दांडा फिरवून बघितला, जो मी हणमंतचा समजत होतो. "अहो गेलं! पार गेलं!" रतन पुन्हा ओरडली. मी तो सरळ केला. "आलं!"

मी मातीत तसाच बसलो. डावीकडचा व्हॉल्व्ह माझा होता. उजवीकडचा त्याचा होता. खोदताना तिथे कातळ लागला होता हे मला अंधूक आठवत होतं, त्या वेळी पाइप एकमेकांवरून ओलांडून घातले असणार. मी तेव्हा गावात रंगाच्या दुकानात निळ्याच्या छटा बघत होतो. माझा दांडा पहिल्यापासून सरळ होता. आडवा होता तो त्याचा. तो दर पाण्याच्या सकाळी तिथे येऊन बसायचा, तो पाण्याचा जोर बघून स्वतःचं पाणी आवळायला, कारण त्याचा मोकळा सोडला की उताराने सगळं त्याच्याकडे जायचं आणि मला थेंब मिळायचा नाही.

आता मला शरम वाटली, डोळे भरून आले, असं काही लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण खरं सांगतो, पहिल्यांदा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी मेहनत करून एक खोट सापडली होती, तीही याने ठेवली नाही. हा माणूस मला धड हेवासुद्धा करू देत नव्हता.

हणमंत त्याच दिवशी संध्याकाळी कोल्हापूरहून आला. खांद्याला पिशवी, हातात माझ्यासाठी आणलेली रंगाच्या ब्रशांची गुंडाळी. फाटकातून आत आला आणि विटांपाशी थांबला. एक वीट उचलून त्याने बोटाने वाजवून बघितली.

"चांगली भाजलीय," तो म्हणाला. "भिंत?"

मी ओट्यावर बसलो होतो. मान हलवली.

त्याने विटांपासून फाटकापर्यंत नजर नेली. त्याचा चेहरा पडला, तो त्याने लपवला नाही. मग वीट जागेवर ठेवून तो म्हणाला, "मधोमध धरली तर मोगरा तुझ्या बाजूला येतोय बघ. असू दे. पाणी तेवढं घाल त्याला."

"गप्प बस!" मी ओरडलो. दोन्ही घरांतून दोघी बाहेर आल्या. "एकदम गप्प बस. मोगरा देतोय मला! अजून काय द्यायचं राहिलंय तुझं?"

"शिवा, काय झालं?"

"चेंबर उघडलं मी. कळलं सगळं. आडवा दांडा कुणाचा आहे ते कळलं."

तो वहिनींकडे बघून थोडा ओशाळला. वहिनी त्याच्याकडे अशा बघत होत्या की आत गेल्यावर त्याची धडगत नव्हती. तो माझ्या शेजारी ओट्यावर टेकला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काकू आजारी पडल्यापासून. चादरी धुवायला पाणी पुरत नव्हतं तुमच्याकडे. रतनवहिनी एकदा हौदाच्या काठावर बसून रडत होत्या. तोवर आमचा अर्धा आवळलेला असायचा, मग मी तो पार आवळला."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस का?"

घेतलं नसतं.

"आणि आई गेल्यावर?" मी म्हणालो. "त्यालाही वर्षं झाली. तेव्हा का नाही सरळ केलास?"

तो पिशवीच्या बंदाची गाठ सोडत राहिला.

"करणार होतो," तो म्हणाला. "काकूंचे दिवस झाल्यावर चेंबर उघडून बसलोही होतो. मग वाटलं, दुसऱ्या दिवशी तुझा हौद रिकामा राहील. तुला वाटेल, आई गेली आणि मागोमाग पाणीही गेलं. हात पुढे गेला नाही." गाठ सुटली तसा तो म्हणाला, "आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माझा हौद किती भरला, हे तू रोज बघत बसला असतास."

"तसाही बघतच होतो."

"तेही ठाऊक आहे," हणमंत म्हणाला.

रतन आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. वहिनी तिच्या मागे गेल्या. आम्ही दोघं विटांकडे बघत बसून राहिलो. मला त्याचा हात धरावासा वाटत होता आणि त्याच्या पाठीत एक गुद्दाही घालावासा वाटत होता. दोन्ही केलं नाही. ब्रशांची गुंडाळी तेवढी उघडून बघितली. ब्रश उत्तम होते, अर्थातच.

सकाळी बाबू गवंडी दोरी आणि ओळंबा घेऊन हजर झाला.

"सर, दोरी कुठनं धरू?"

"धरू नको," मी म्हणालो. "विटा परसात नेऊन रच."

"मग बांधायचं काय?"

"काही नाही. तुझी मजुरी घे आणि जा."

"मी म्हणलंच हुतं," तो म्हणाला. विटा पुढे बरीच वर्षं परसात तशाच पडून होत्या. त्यांच्यात विंचू निघायचे आणि रतन प्रत्येक विंचवामागे मला टोमणा मारायची.

नळजोडणीचा अर्जही मी परत घेतला. पण गोष्ट तिथे मिटली असं समजू नका. माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. इतकी वर्षं त्याने दिलं आणि मी नकळत घेतलं, हे मला पचत नव्हतं. फेडायचं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त फेडायचं होतं. पुढच्या पाण्याच्या सकाळी, तो अजून उठला नसेल असं धरून मी चेंबरपाशी गेलो आणि त्याचा दांडा पार सरळ करून टाकला. दोन्ही बेताने अर्धे-अर्धे ठेवले असते तर शहाणपणाचं झालं असतं. पण शहाणपण हा त्याचा विषय होता, माझा नव्हता.

घरी येऊन बघितलं, तर आमच्या हौदात धार बारीक होत होत थांबली. मला गुदगुल्या झाल्या. रतनने कपाळाला हात लावला.

"आता काय प्यायचं? तुमचा मान?"

"मी आणतो की," मी म्हणालो. परसातून दोन रिकामे कॅन शोधले, विसळले, आणि उतारावरून हापशाकडे चालायला लागलो. बाजूने त्याचा हौद भरत असल्याचा भरगच्च आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी हणमंत ढाण्याला काहीतरी देऊन पुढे निघालो होतो. रस्त्यात कुणी भेटलं असतं तर मी कॅन दाखवून उगाच बोललो असतो.

वळणावरून खाली उतरलो आणि थांबलो. हापशाजवळ त्याची स्कूटर उभी होती. हणमंत पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून हापसत होता. एक कॅन भरून बाजूला ठेवला होता, दुसरा भरत आला होता.

"तू इथे कशाला?" मी म्हणालो. "तुझा हौद भरतोय. मी स्वतः दांडा सरळ करून आलोय."

"बघितलं मी खिडकीतून," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणून तर लगेच निघालो. हे तुमच्या घरचं आहे."

मी माझे रिकामे कॅन खाली ठेवले. इथेही हा माझ्या आधी येऊन पोचला होता.

"सरक बाजूला," मी म्हणालो आणि हापशाचा दांडा त्याच्या हातातून ओढला. त्याने तो सहजासहजी सोडला नाही.